शेडमध्ये सापडलेली दोन माणसी चेनसॉ चालवावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅनडात व्हँकूवर बेटावर डंकनच्या बाजूला घर घेतलेल्या एका मराठी कुटुंबाला मागच्या शेडमध्ये आधीच्या मालकाचं सामान मिळालं. त्यात एक अवजड चेनसॉ आहे. तिच्या एका टोकाला इंजिन आणि मुठी आहेत, बारच्या, म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते त्या लांब पट्टीच्या, दुसऱ्या टोकाला आणखी एक मूठ. बाजूवर 'डिसस्टन' हे नाव, इंजिनावर 'मर्क्युरी'. भिंतीवर सातेक फुटी हातकरवत, तिच्यावरही पुसट 'डिसस्टन'. खाली लोखंडी नाल ठोकलेल्या दोन फळ्या, पाचरी आणि दोघांनाही न उचलणारी एक कप्पी. हे नेमकं काय आहे, एका करवतीला दोन माणसं कशाला, ती सुरू होईल का, अंगणात आडवं झालेलं फरचं झाड तिने कापता येईल का, आणि आपल्याकडे असली यंत्रं कधी का दिसली नाहीत, असे प्रश्न आहेत. बेटावरच लहान इंजिनं आणि करवती दुरुस्त करण्यात माझं बरंच आयुष्य गेलंय, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी निकाल सांगतो. यंत्र जरूर सुरू करा, पण चेन उतरवून. त्याने झाड कापू नका. आणि या सगळ्या पसाऱ्यात आजही कामाला येईल अशी वस्तू ती भिंतीवरची हातकरवत आहे. तिला कुणालाही सँडपेपर लावू देऊ नका. त्याकडे शेवटी येतो.

डिसस्टन ही मुळात हातकरवतींची कंपनी. हेन्री डिसस्टनने ती 1840 मध्ये फिलाडेल्फियात सुरू केली. पुढे अमेरिकेतल्या सुताराच्या पेटीपासून जंगलातल्या मुक्कामापर्यंत सगळीकडे तिच्या करवती दिसायच्या. इंजिनाची गोष्ट वेगळी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला रस्ते, पूल, धावपट्ट्या यांसाठी झाडं भराभर कापणारं यंत्र हवं होतं. डिसस्टनकडे पातं आणि दात यांचं ज्ञान होतं, पण इंजिन नव्हतं. ते विस्कॉन्सिनमधल्या सीडरबर्ग गावच्या कीकहेफर कंपनीने दिलं. होड्यांच्या मागे लावायची मर्क्युरी आउटबोर्ड इंजिनं बनवणारी हीच ती कंपनी. त्या घराण्यातली सगळ्यात जास्त भेटणारी करवत म्हणजे डीए-211. तिला समोरासमोर बसवलेले दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, 11 अश्वशक्ती. बार आणि चेन धरून वजन पन्नास किलोच्या घरात जातं. तुमच्या इंजिनाला दोन स्पार्क प्लग असतील तर ती बहुधा हीच. एकच प्लग असेल तर लहान भावंड. पितळी किंवा अॅल्युमिनियमची पाटी असेल तर ती घासू नका, साबणाच्या पाण्याने हलकी पुसा आणि फोटो काढून ठेवा.

आता दोन माणसांचा प्रश्न. झाडं राक्षसी होती म्हणून दोघं लागायचे, असं बहुतेकांना वाटतं. हे अर्धंच खरं आहे. हातकरवतीच्या काळात इथे उभं झाड पाडायला दोघं लागत हे खरं. पण पाडलेल्या झाडाचे मापाने ओंडके करणारा माणूस एकटाच काम करायचा. करवत तीच सात-आठ फुटांची, फक्त पलीकडची मूठ काढून ठेवलेली. म्हणजे पाच-सहा फूट घेराचं नव्हे, व्यासाचं खोड एकटा माणूस हाताने कापत होता. मग इंजिन आलं आणि त्याच ओंडक्याला दोन माणसं लागू लागली! तेव्हा दुसरा माणूस मुख्यतः यंत्रासाठी होता.

पहिलं कारण सरळ वजन. जर्मनीत एमिल लेर्पने 1927 मध्ये थुरिंगिया भागातल्या डोलमार डोंगरावर आपली पेट्रोल करवत चालवून पाहिली आणि पुढे कंपनीलाच त्या डोंगराचं नाव दिलं. ती 58 किलोची होती, 8 अश्वशक्तीची. आंद्रेआस श्टीलने 1926 मध्ये विजेवर चालणारी करवत काढली आणि 1929 मध्ये पेट्रोलची, 'झाड पाडायचं यंत्र' अशा रोखठोक नावाने. ती 46 किलोची, 6 अश्वशक्तीची. आता हा दुसरा आकडा बघा. श्टीलच्याच 1959 सालच्या 'काँट्रा' या करवतीची ताकदही 6 अश्वशक्तीच होती, पण वजन 12 किलो. ताकद तेवढीच, वजन चौथ्या हिश्शावर, आणि त्याला तीस वर्षं लागली. तुमच्या शेडमधलं यंत्र या तीस वर्षांच्या बरोबर मधलं आहे.

दुसरं कारण कार्बोरेटरचं, आणि ते माझ्या मते वजनाहून रंजक आहे. त्या काळच्या कार्बोरेटरमध्ये आपल्या जुन्या स्कूटरसारखा फ्लोट असायचा. एका छोट्या वाटीत पेट्रोल, त्यावर तरंगणारा फ्लोट, पातळी वाढली की तो सुई दाबून पेट्रोल अडवणार. ही व्यवस्था इंजिन सरळ उभं असेपर्यंत छान चालते. आडवं केलंत की एकतर पेट्रोल ओसंडतं नाहीतर पुरत नाही, आणि इंजिन बंद पडतं. पण झाडाचं काम तर दोन दिशांचं: उभं झाड पाडताना बार आडवा हवा, पडलेल्याचे तुकडे करताना बार उभा हवा. यावर तेव्हाच्या लोकांनी काढलेली तोड तुमच्या यंत्रावर दिसेल. इंजिन आणि बार यांच्या मधल्या गिअरच्या डब्यापाशी एक खटका आहे. तो ओढला की बार इंजिनापासून स्वतंत्र फिरतो आणि ठरावीक कोनात अडकतो. इंजिन कायम सरळ, फक्त बार आडवा-उभा. हा जोड गंजून धरला असेल तर हातोडा घालू नका, भेदक तेल, म्हणजे गंजात मुरणारं पातळ तेल, सोडून चार दिवस वाट पाहा.

पुढे रबरी पडद्याचा कार्बोरेटर आला. त्यात तरंगणारं काहीच नसतं, इंजिनाच्या आतल्या दाबाच्या ठोक्यांवर पडदा हलतो आणि पेट्रोल ओढतो, मग इंजिन उलटं धरलं तरी त्याला फरक पडत नाही. 1950 च्या दशकात तो सर्रास झाला आणि फिरत्या गिअरबॉक्सची गरजच संपली.

तिसरी अडचण चेनची. तुमच्याकडची चेन मूळची असेल तर तिचे दात हातकरवतीच्या दातांसारखे सरळ उभे दिसतील. काही डावीकडे कललेले, काही उजवीकडे, आणि मधूनमधून एक सपाट दात. कललेले दात लाकडाचे तंतू दोन्ही बाजूंनी ओरबाडून तोडायचे आणि सपाट दात मधलं लाकूड खरवडून बाहेर काढायचा. म्हणजे चक्क हातकरवत कापून साखळीत ओवली होती. हाताच्या संथ गतीला ही रचना उत्तम. इंजिनाच्या वेगात मात्र ती नुसतं बारीक पीठ पाडते, ताकद खाते, लवकर बोथट होते, आणि एकेक दात चपट्या कानशीने घासत बसावं लागतं.

यावरचा तोडगा जो कॉक्स नावाच्या माणसाने काढला. तो स्वतः जंगलात करवत चालवायचा. 1946 मध्ये त्याने एका बुंध्यात भुंगेऱ्याची जाडजूड अळी लाकूड कोरताना पाहिली. ती तंतूंच्या दिशेने आणि आडवीही सारख्याच सहजतेने कापत होती, आपले दोन वाकडे जबडे डावी-उजवीकडे चालवत. तीच ठेवण त्याने पोलादात उतरवली. 1947 च्या अखेरीस ओरेगन राज्यात पोर्टलंडच्या घराच्या तळघरातून ही नवी चेन विकायला सुरुवात झाली. आजच्या जवळपास प्रत्येक चेनसॉवर दिसणारा वाकडा, खुरप्यासारखा दात तोच, आणि त्याला लागते ती गोल कानस. ही चेन जुन्या यंत्रावर चढवली की कमी ताकदीत जास्त लाकूड निघायचं. साहजिकच लहान इंजिन पुरेसं ठरू लागलं. 1949 मध्ये मॅककलकने '3-25' नावाची एकमाणसी करवत काढली, नावाचा अर्थच 3 अश्वशक्ती आणि 25 पौंड. श्टीलची एकमाणसी पेट्रोल करवत 1950 ची, 16 किलोची. त्यानंतर पाच-सहा वर्षांत दोन माणसी यंत्रं शेडमध्ये गेली, आणि 1955 मध्ये डिसस्टन कंपनी स्वतःच दुसऱ्याच्या हाती गेली.

जाता जाता एक. चेनसॉचा शोध बाळंतपणासाठी लागला, हा मजकूर तुमच्याही फोनवर आला असेलच. अठराव्या शतकाच्या शेवटी एटकिन आणि जेफ्री या दोन स्कॉटिश डॉक्टरांनी हाड कापायला दातेरी साखळी वापरली हे खरं आहे. ती बारीक साखळी दोन्ही टोकांच्या मुठी धरून हाताने ओढायची. तिला इंजिन नव्हतं, बार नव्हता, आणि लाकडाशी तिचा संबंध नव्हता. लाकडासाठी फिरत्या चेनचं अमेरिकन पेटंट 1905 चं आहे, सॅन फ्रान्सिस्कोच्या सॅम्युएल बेन्सचं, रेडवूडची महाकाय झाडं डोळ्यांसमोर ठेवून घेतलेलं.

प्रत्यक्ष काम कसं चालायचं ते नीट समजून घ्या, कारण ते कळलं की मी कापू नका का म्हणतोय तेही कळेल. इंजिनाच्या बाजूचा माणूस मुख्य. गती त्याच्या हातात. पलीकडचा दुय्यम, त्याच्या हातात फक्त मूठ. झाड ज्या बाजूला पाडायचं तिकडे आधी आडवा काप घ्यायचा, मग त्याच्यावरची खाप कुऱ्हाडीने फोडून तोंड उघडायचं. बार तिरका धरून दुसरा काप घेणं या यंत्राला जिकिरीचं होतं, म्हणून करवत आल्यावरही कुऱ्हाड हातातून सुटली नाही. नंतर मागच्या बाजूने काप. बार पुरेसा आत गेला की मागे पाचर ठोकायची, नाहीतर झाड मागे बसून बार चिमटणार. आणि इथे एक मेख आहे. झाड कलू लागलं की दोघांनाही पळायचं असतं, पण यंत्र आत अडकलेलं, दोन्ही बाजूंना मुठी. त्यासाठी पलीकडची मूठ झटक्यात निघेल अशी बसवलेली असते. ती काढायची, आणि इंजिनवाल्याने बार आपल्याकडे ओढून घ्यायचा. तुमची मूठ निघते का ते पाहा, निघत असेल तर आतली कळ अजून शाबूत आहे.

इंजिनाचा असा काही आवाज होता की दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे. सगळं खुणांवर आणि सवयीवर चालायचं. कानाला काही नाही, डोक्यावर असली तर टोपी. थंडी, पाऊस आणि दिवसभराची थरथर यांनी बोटं पांढरी पडून बधिर व्हायची. थरथर कमी करणाऱ्या रबरी मुठी 1960 च्या दशकात आल्या आणि चेन थांबवणारा ब्रेक 1970 च्या दशकात.

आता तुमच्या यंत्राकडे. चेन उतरवणं ही पहिली पायरी, शेवटची नव्हे. नंतर दोन्ही प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं हलकं तेल सोडा आणि दोन दिवस विसरून जा. मग हाताने सावकाश फिरवून पाहा. फिरलं तर छान. नाही फिरलं तर आणखी तेल, आणखी वाट. दोरी ओढून जोर करू नका. पिस्टनवरची गंजलेली रिंग मोडली की तिचा तुकडा सिलिंडरची भिंत ओरखडतो आणि तिथे सुटा भाग मिळण्याची आशा फार कमी. टाकीत वर्षानुवर्षांचं वार्निश झालेलं पेट्रोल असणार, ते काढा, टाकी आणि नळी धुवा. कार्बोरेटर उघडून फ्लोटची वाटी साफ करा. मॅग्नेटोच्या, म्हणजे ठिणगीची वीज तयार करणाऱ्या भागाच्या, पॉइंटवर हिरवट थर असतो, तो बारीक पॉलिश पेपरने किंवा जाड कोऱ्या कागदाने घासला की बहुतेकदा ठिणगी परत येते. तरीही नसेल तर कंडेन्सर गेला समजा, त्या क्षमतेचा नवा बसवता येतो.

पेट्रोलमध्ये तेल त्या काळाच्या हिशोबाने घाला, सोळा भाग पेट्रोलला एक भाग तेल. आजच्या पन्नासास एक या प्रमाणावर हे इंजिन चालवलंत तर बेअरिंग कोरडी पडतील. धूर होईल, होऊ द्या. पेट्रोल शक्यतो इथेनॉल नसलेलं घ्या, जुनी सीलं आणि कॉर्क इथेनॉलने फुगतात.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. या यंत्रांचे कित्येक ओतीव भाग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असतात. अशा भागावर ग्राइंडर चालवू नका, गॅसची ज्योत लावू नका. त्याचा बारीक चुरा पेटला तर पाणी मारून विझत नाही, उलट भडकतो. गंज काढायला प्लास्टिकचा ब्रश, मातीचं तेल आणि सबुरी एवढंच वापरायचं.

एवढं केल्यावर ते इंजिन बहुतेक वेळा जागं होतं. यंत्र जमिनीवर फळ्यांवर बसवा, एकाने दाबून धरा, दुसऱ्याने दोरी ओढा, कानाला रक्षक लावा. त्या दोन सिलिंडरचा आवाज एकदा ऐकण्यासारखा आहे यात वाद नाही. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

पण कापायचं नाही. ऐंशी वर्षांची चेन, तिचे रिव्हेट आतून किती खाल्ले गेलेत हे बाहेरून दिसत नाही. ती तुटली तर तिचं टोक कुठे जाईल याचा नेम नाही, आणि पलीकडच्या मुठीवर उभ्या माणसाकडे यंत्र बंद करायला काहीही नाही. चेन ब्रेक नाही. शिवाय या कामात सगळ्यात महाग गोष्ट होती ती दोघांची जोडी. वर्षानुवर्षं एकत्र काम केलेल्या माणसांना एकमेकांच्या खांद्याच्या हालचालीवरून पुढचं कळायचं. ती जोडी तुमच्याकडे नाही. घरातल्या कुणाला हौसेने पलीकडे उभं करणार असाल तर ती हौस आवरा. फर कापायला आजची साधी चेनसॉ भाड्याने मिळते.

लोखंडी नाल ठोकलेल्या फळ्या म्हणजे झाडात रोवून उभं राहायच्या पायफळ्या. इथल्या सीडर आणि डग्लस फरचा बुंधा खाली फुगलेला, राळेने भरलेला आणि वाकड्या तंतूंचा असतो. तो टाळून वर, जिथे खोड सरळ होतं तिथे कापायचं, म्हणून माणसापेक्षा उंच जागी कुऱ्हाडीने खाच पाडायची, फळीचा नाल त्यात अडकवायचा आणि त्या एका फळीवर उभं राहून करवत ओढायची. व्हँकूवर शहरातल्या स्टॅनली पार्कमध्ये जुन्या खुंटांवर या खाचा अजून दिसतात, पुढच्या वेळी गेलात की बघा. पन्नास किलोचं यंत्र घेऊन अशा फळीवर उभं राहणं किती अवघड, विचार करा. काहींनी तेही केलं, फोटो आहेत. पण एकूणात करवतीला इंजिन लागल्यावर खुंट बुटके झाले. म्हणून जंगलात उंच, खाचांचा खुंट दिसला की तो हाताने कापलाय असं धरून चालायला हरकत नाही.

ती जड कप्पी वाफेच्या इंजिनाच्या काळातली किंवा तिच्या वारशातली असणार. कॅलिफोर्नियातल्या युरेका गावच्या जॉन डोलबीरने 1881 मध्ये उभा बॉयलर, छोटं इंजिन आणि फिरतं पिंप असं एक यंत्र जोडलं. पिंपाला दोर गुंडाळायचा आणि ओंडका ओढून आणायचा. त्याला 'डाँकी' म्हणत. आधी जाड दोर, मग पोलादी वायर, आणि पुढे एका उंच झाडाचा शेंडा कापून त्याच्या माथ्यावर अशी कप्पी चढवायची, म्हणजे ओंडक्याचं तोंड उचललं जातं आणि तो खुंटांत अडकत नाही. इंजिनवाल्याला जंगलात काय चाललंय ते दिसायचं नाही, म्हणून मध्ये एक पोरगा उभा असायचा, लांब तार ओढून शिट्टीच्या खुणा देणारा. कप्पी तुमच्या कामाची नाही. डंकनमध्येच बीसी फॉरेस्ट डिस्कव्हरी सेंटर आहे, पोर्ट अल्बर्नीजवळ मॅक्लीन मिल आहे, दोन्हीकडे अशा सामानाची जाण असलेली माणसं भेटतात. देऊन टाकायची असेल तर तिथे आधी विचारा, भंगारवाल्याला नंतर.

आपल्याकडे हे का नव्हतं? सागवानाचं मोठं काम आपल्याकडेही झालंच. मुंबईत 1863 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा मुख्य धंदाच ब्रह्मदेशातल्या सागाचा होता. पण तिथली रीत वेगळी. उभ्या झाडाची साल आणि बाहेरचं लाकूड गोलाकार कापून ते दोन-तीन वर्षं उभंच सुकवायचं, कारण ओला साग पाण्यात बुडतो. मग पाडायचं, हत्तीने नदीपर्यंत ओढायचं, पावसाळ्यात पुरावर सोडायचं. डाँकीची जागा तिथे हत्तीने घेतली होती. गडचिरोलीत कमलापूरला जे सरकारी हत्ती आहेत ते मुळात लाकूड ओढण्याच्याच कामासाठी होते. आणि इकडे मजूर महाग, तिकडे स्वस्त. पन्नास किलोचं नाठाळ यंत्र विकत घेण्यापेक्षा चार माणसं आणि दोन कुऱ्हाडी केव्हाही परवडायच्या. आपल्या दोन माणसी आऱ्याशी मात्र या भिंतीवरच्या करवतीची गल्लत करू नका. कोकणात खड्ड्यावर ओंडका ठेवून एक वर आणि एक खाली उभा राहून फळ्या पाडायचे, ते तंतूंच्या लांबीने चिरणं. त्याचे दात छिन्नीसारखे असतात. तुमची करवत तंतू आडवे तोडणारी आहे. एकीने दुसरीचं काम होत नाही.

तर ती करवत. खाली उतरवा, उजेडात धरा. पाठ आतल्या बाजूला वळलेली असेल तर ती उभं झाड पाडायची. ती हलकी आणि लवचीक असते, आणि पातं कमी रुंद असल्याने मागून पाचर घालायला जागा मिळते. पाठ सरळ असेल तर ओंडके करायची, ताठ आणि जड, एकट्यालाही चालवता येणारी. दातांच्या कडेपेक्षा पाठ पातळ लागते का ते बोटांनी तपासा. चांगल्या जुन्या करवतींना तसं घासलेलं असायचं, म्हणजे काप थोडा मिटला तरी पातं अडकत नाही. या घडणीची करवत आज नव्याने मिळणं कठीण, म्हणून जुन्यांना खरी मागणी आहे, आणि तीही शोभेसाठी नव्हे. अमेरिकेत 1964 च्या वन्यप्रदेश कायद्याने संरक्षित रानात मोटरवर चालणारी हत्यारं वापरायला बंदी आहे. तिथल्या पायवाटांवर पडलेली झाडं वनखात्याची माणसं आजही अशाच करवतींनी कापतात.

गंज काढायला सपाट प्युमिस दगड किंवा जुनी बोथट पटाशी आणि मातीचं तेल. पात्याच्या बाजूने सावकाश, दातांच्या टोकांना न लागता. सँडपेपर किंवा फिरता ब्रश नको म्हणालो ते दोन कारणांनी: पात्यावर कंपनीचं कोरलेलं नाव असतं ते जातं, आणि दाताची कड गोल होते. कड गेली की सगळे दात पुन्हा एका पातळीवर आणून घासावे लागतात, आणि ते काम येणारी माणसं फार थोडी उरलीत. जंगलाच्या मुक्कामात करवतींना धार लावणाऱ्याला स्वतःची वेगळी, भरपूर उजेडाची खोली मिळायची आणि पगार मजुरांपेक्षा बराच जास्त. त्याचं कौशल्य सगळं त्या सपाट दातांत. ते धारेच्या दातांपेक्षा केसभर बुटके ठेवायचे, मऊ लाकडाला जरा जास्त, कठीण किंवा सुक्याला कमी. फार उंच राहिले तर करवत घसरते, फार बुटके झाले तर नुसता भुस्सा पडतो. नीट लावलेल्या करवतीतून ओल्या फरच्या लांब, शेवयांसारख्या कुरळ्या पट्ट्या निघतात, हीच तिची परीक्षा.

फरवर ही करवत जरूर चालवा. आधी बघा, ओंडका कुठे टेकलाय. दोन टोकांवर टेकलेला आणि मध्ये अधांतरी असेल तर वरचा भाग दाबाखाली असतो. वरून कापत गेलात की फट मिटून पातं चिमटणार, म्हणून पातं पूर्ण आत गेलं की वरच्या फटीत प्लास्टिकची पाचर सरकवा आणि अधूनमधून ठोकत राहा. एकच टोक अधांतरी असेल तर उलट, वरची फट उघडत जाते आणि शेवटी ओंडका चिरफाळून तुटतो. तिथे आधी खालून थोडा काप घ्या. उतारावर असाल तर दोघांपैकी कुणीही ओंडक्याच्या खालच्या बाजूला उभं राहायचं नाही, गरज पडली तर वरच्या बाजूने एकट्याने ओढा. राळ चिकटू लागली की पात्याच्या दोन्ही बाजूंना मातीच्या तेलाचे चार थेंब. जुने लोक दारूच्या रिकाम्या बाटलीत ते भरून, गळ्याला हूक लावून झाडाच्या सालीत अडकवून ठेवायचे. आणि दोघांनीही फक्त ओढायचं. आपली पाळी झाली की हात सैल सोडायचा, पातं समोरच्याकडे ढकलायचं नाही, कारण ढकललं की ते मधोमध वाकतं आणि वाकलेली करवत सरळ करणारा माणूस शोधायला तुम्हाला बेट सोडावं लागेल.